नानांनी डायलिसिस थांबवलं

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, वयाच्या 74 व्या वर्षी डायलिसिस थांबवायचं ठरवलं. स्वतः ठरवलं, पूर्ण शुद्धीवर असताना. डायलिसिस कुठे चांगलं होतं, कोणत्या योजनेत बसतं, कोणते कागद लागतात हे सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले होते. थांबवलं तर पुढे काय होतं, घरी काय काय करावं लागतं, हे सांगणारं मात्र जवळपास कोणी नव्हतं. म्हणून हे लिहितोय. नाना घरी आले तेव्हापासून पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमच्या घरात जे घडलं ते, आठवेल तसं.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात, तापीकाठच्या पट्ट्यात. काळी जमीन, कपाशी, रब्बीला दादर म्हणजे ज्वारी, थोडा हरभरा. मी तालुक्याच्या गावी शिक्षक आहे, त्यामुळे शेती खऱ्या अर्थाने नानांनीच केली. साखर जुनी, बीपी जुना, आणि दोन्हींची औषधं मनाला येईल तशी घेतलेली. किडन्या हळूहळू गेल्या. मग धुळ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळे मशीनचा खर्च लागला नाही. गाडीभाडं आणि मोडलेला दिवस, एवढं आपलं आपल्याला सोसावं लागे. पहाटे निघायचं, चार तास मशीन, मग तासभर पडून राहायचं आणि दुपार कलल्यावर घर गाठायचं. त्या दिवशी नाना धड जेवत नसत, बोलत नसत. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर जरा तेज यायचं, ओट्यावर येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी पावलांवर सूज दिसू लागली की परत धुळ्याची तयारी.

त्यांच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर फिस्टुला केलेला होता. रोहिणी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग रक्ताच्या जोराने शीर फुगते आणि तिथे मशीनच्या जाड सुया टोचता येतात. त्या जागी बोटं ठेवली की आत थरथर लागते. विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपावर हात ठेवला तर जशी लागते, हुबेहूब तशी. डॉक्टर तिला थ्रिल म्हणतात. तिथल्या सिस्टरने मला शिकवलं होतं, रोज सकाळी हात लावून बघायचं, थरथर लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे. त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, त्या हातातून रक्त काढायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, त्या हाताने ओझं उचलायचं नाही. वापरून वापरून ती शीर करंगळीएवढी जाड झाली होती, वरची कातडी चकचकीत, सुयांच्या खुणांनी भरलेली. मी रोज उठून चहाच्या आधी त्यांच्या खाटेजवळ जायचो आणि दोन बोटं त्या जागी ठेवायचो. नाना डोळे न उघडता विचारायचे, "शे का?" मी म्हणायचो, "शे." आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे.

सगळ्यात अवघड होतं ते पाणी. किडनीने लघवी करणं जवळजवळ सोडलं की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, पायात, पोटात, शेवटी फुप्फुसात. म्हणून दिवसभरात जेवढी लघवी होईल तेवढं आणि वर साधारण अर्धा लिटर, एवढंच प्यायची परवानगी. त्यात चहा आला, ताक आलं, वरणाचं पाणीसुद्धा आलं. आणि आमच्याकडचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर माणूस दिसत नाही. वावरातून आल्यावर उभ्याने तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा करणारा माणूस, त्याला माय सकाळी एका लहान तांब्यात दिवसाचं पाणी मोजून द्यायची. माठ तिने आतल्या खोलीत हलवला, निदान डोळ्यांसमोर नको म्हणून. नाना चूळ भरायला पाणी मागायचे. आम्ही द्यायचो आणि ते गिळतात की थुंकतात हे त्यांच्या गळ्याकडे बघत उभे राहायचो. बापाच्या गळ्यावर असा पहारा ठेवताना काय वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना ते कळत होतं. एकदाही चिडले नाहीत.

खाण्याचंही तसंच. पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं, म्हणून केळी, टोमॅटो, नारळपाणी बंद. बटाटा आधी चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग भाजी. केळीच्या जिल्ह्यात राहून केळ वर्ज्य. चोपड्याकडून केळीचे ट्रक भरून जाताना बघायचे आणि मान वळवून घ्यायचे.

दोन उन्हाळे असे काढले. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचं शरीर साथ देईना. मशीनवर असतानाच बीपी खाली जायचा, एकदा तर शुद्ध हरपली आणि आयसीयूत ठेवावं लागलं. त्यातून बाहेर आले, पण पायातलं बळ गेलं ते गेलंच. पौष लागायच्या सुमाराची गोष्ट. चार तास संपले होते, सिस्टर सुया काढून पट्टी दाबून धरत होती. नानांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, आते पुरे. माले घर लई चाल." आता पुरे, मला घरी घेऊन चल.

मला वाटलं आजच्यापुरतं म्हणताहेत. त्यांनी मान हलवली आणि मशीनकडे बोट केलं.

तिथल्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी हे बोलणं वेड्यात काढलं नाही आणि लगेच मान्यही केलं नाही. आम्हाला बाहेर काढून नानांशी एकट्याने बोलले. मनाची उदासी आहे का, कोणाचा दबाव आहे का, अशक्तपणाचं एखादं दुरुस्त होणारं कारण आहे का, हे तपासलं. आठवडाभर विचार करा म्हणाले, तोवर डायलिसिस चालूच ठेवलं. आठवड्यानंतर नानांनी तेच शब्द परत उच्चारले. मग त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. थांबवल्यावर बहुतेक लोक एक ते दोन आठवडे जगतात, थोडी लघवी होत असेल तर जास्तही. रक्तात विषारी घटक वाढत जातात तशी झोप वाढते, मग माणूस बोलेनासा होतो, शेवटी बेशुद्धी येते. अंगाला खाज सुटेल, मळमळेल. पाणी साठलं तर धाप लागेल, ती कमी करणारी औषधं मी लिहून देतो. आणि मन बदललं तर कोणत्याही दिवशी परत या, मशीन आहेच.

घरी वादळ उठलं. काका म्हणाले, "पोरानं पैशासाठी बापाचं औषध तोडलं असं गाव म्हणेल." बहीण सुरतेला असते, ती फोनवर नुसती रडत होती. मलाही तीच भीती होती. खेड्यात ही भीती खरी असते आणि तिच्यापोटी किती म्हातारी माणसं नको असलेल्या नळ्या लावून शेवटचे दिवस काढतात, हे मी जवळून पाहिलंय. मला डॉक्टरांनी कायद्याची बाजूही समजावली. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच धरला आणि आपल्याला शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली. ती पद्धत फार किचकट होती, जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानेच ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरतं. नाना बोलू शकत होते, त्यामुळे त्यांना त्या कागदाची गरज पडली नाही. केसपेपरवर त्यांनी स्वतः सही केली. काकांना मी ती सही दाखवली. काका बराच वेळ कागद हातात धरून बसले, मग म्हणाले, "ओट्यावर खाट टाक. त्याला रस्ता दिसला पाहिजे."

नाना घरी आले त्या संध्याकाळी त्यांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर मागितली. थंडीचे दिवस, वांगी भरात होती. काकूने पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या कुटल्या, कांद्याची पात घातली. चार घास खाल्ले असतील. दुसऱ्या दिवशी केळ मागितलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, धोका आहे आणि तो त्यांना माहीत आहे, द्या. नानांनी केळ सोललं, अर्धं खाल्लं, अर्धं माझ्या मुलाच्या हातावर ठेवलं.

मायने पाण्याचा तांब्या मोजून भरणं त्याच दिवशी बंद केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदम पाणी प्यायले तर धापेचा त्रास होईल, म्हणून थोडं थोडं द्या, पण मागितलं तर नाही म्हणू नका. माठ परत ओट्यावर आला. पण आता त्यांनाच फार पाणी नको होतं. दोन घोट घ्यायचे आणि ग्लास हातात धरून बसायचे.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते त्यानंतरचे तीन-चार दिवस. मन अगदी स्वच्छ होतं त्यांचं. मला म्हणाले, वही आण. मला वाटलं काही निरोप सांगायचाय. त्यांनी पाइपलाइन सांगायला सुरुवात केली.

विहिरीपासून आमच्या तिन्ही तुकड्यांना जमिनीखालून पीव्हीसी पाइप गेलेला आहे. मी कॉलेजात असताना टाकलेला. कुठून वळतो, कुठे टी आहे, कॉक कुठे पुरलेत, कुठे जोड कच्चा आहे, हे फक्त नानांना माहीत होतं. सालदाराला, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्यालाही, अर्धंच ठाऊक. नाना डोळे मिटायचे आणि वावरातून चालत गेल्यागत सांगायचे. निंबापासून उगवतीला अकरा पावलं, तिथे पहिला कॉक, त्यावर फरशी ठेवलेली आहे, वर दीड हात माती. मी रेघ ओढली की वही हातात घेऊन बघायचे. एका ठिकाणी मी वळण उजवीकडे काढलं, त्यांनी पेन घेऊन ते खोडलं. कोणाची पावलं मोजायची हेही त्यांनी ठरवून दिलं, माझी नको, सालदाराची मोजायची, त्याची उंची त्यांच्याएवढी आहे.

"लिखी ले, नहीतं मंग खंदत बसशी."

पाइपलाइन झाल्यावर उधारी. बियाण्याच्या दुकानाची किती, विकास सोसायटीचं पीककर्ज किती, कोणाला उसने दिलेत आणि त्यातल्या कोणाला मागायचे नाहीत. मग बांध. शेजारच्या वावरवाल्याने नांगरता नांगरता हातभर बांध खाल्ला होता, त्यावरून वीस वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. त्याचं काय करू, मी विचारलं. "सोडी दे," म्हणाले. तो माणूस आपणहून भेटायला आला. नानांच्या पायथ्याशी बसला, दोघं औंदाच्या दादरीबद्दल आणि बोंडअळीबद्दल बोलले. बांधाचा विषय कोणीच काढला नाही.

बहीण सुरतेहून आली तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. मी, माय, काका, सगळे समोर होतो. म्हणाले, "बाई, वावरमा तुना बी वाटा शे." ती म्हणाली, नाना, आता हे काय काढलं. ते म्हणाले, भाऊ ऐकतोय म्हणून काढलं.

त्यानंतर झोप वाढत गेली. खाज सुटायची, आम्ही आळीपाळीने खोबरेल तेल लावायचो. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाने मळमळ आटोक्यात राहिली. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणून ठेवलं होतं, शेवटच्या दोन रात्री ते लागलं. तोंड कोरडं पडायचं तेव्हा ओल्या कापडाने ओठ आणि जीभ पुसायची. हे काम बहिणीने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. झोपेत ते कधी काळी गेलेल्या थोरल्या भावाशी बोलायचे, बैलांना हाका मारायचे. त्रास होत नव्हता. ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांना मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण मला स्वतःला याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

गेले ते पहाटे. श्वासांमधलं अंतर वाढत होतं. माझी दोन बोटं त्यांच्या डाव्या हातावरच होती, सवयीने. थरथर मंद होत गेली, मग अधूनमधून लागायची, मग लागेना. मी तरी बराच वेळ बोटं तिथेच ठेवली. मायने विचारलं, "शे का?" मला बोलता आलं नाही.

अंत्यविधी, दहावा, गंधमुक्ती हे सगळं रीतीप्रमाणे झालं, त्यावर फार लिहीत नाही. अस्थी आम्ही प्रकाशाला नेल्या. तापी आमची रोजची नदी, पण गोमाईचा संगम आणि केदारेश्वराचं देऊळ म्हणून खान्देशात अस्थींसाठी लोक तिथेच जातात. दारावर येणारी माणसं महिनाभर येत राहिली. पूर्वी मला या येण्याजाण्याचा कंटाळा यायचा. या वेळी एकेका माणसाने नानांचा एकेक तुकडा आणून दिला. कोणाला त्यांनी 1972 च्या दुष्काळात दगड फोडायच्या कामावर सोबत नेलं होतं, कोणाच्या पोरीच्या लग्नात रात्रभर पाणी भरलं होतं. यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

मायच्या बांगड्यांचा प्रश्न आला. जमलेल्या बायकांपैकी एक जण पुढे झाली, तेव्हा माझी बहीण मध्ये उभी राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या बाबतीतल्या या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आमच्या गावात तसा ठराव झालेला नाही. बहीण एवढंच म्हणाली, "माय ठरवेल." मायने हात पदराखाली घेतले. बांगड्या राहिल्या. कुंकू तिने स्वतःहून लावायचं सोडलं, त्यावरही आम्ही काही बोललो नाही.

मग कागद. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, ती काकांनीच केली. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. मृत्यूचा दाखला, 7/12, 8-अ आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, नातं लिहिलेलं शपथपत्र. तलाठी आप्पा चौकशी करून 6-क च्या वारस नोंदवहीत लिहितात, मग फेरफार पडतो, नोटीस निघते, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नुसतं वाचायला सरळ आहे. शपथपत्र करायच्या आदल्या संध्याकाळी भाऊबंदकीतले चार जण घरी आले. त्यांचं म्हणणं, बहिणीचं नाव लागलं की पुढे जावई हिस्सा मागणार, तिची हक्कसोड आताच करून घे, सगळेच करतात. खरं आहे, सगळेच करतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, त्यासाठी दुःखात असलेल्या बहिणीला गाडीत घालून नेणारे भाऊ मी पाहिलेत. 2005 मध्ये कायदा बदलून मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला, आणि गावोगाव तो हक्क बापाच्या तेराव्यानंतर एका सहीत काढून घेतला जातो. मी त्यांना म्हणालो, नाना तुमच्यातल्या एकासमोर बोलून गेलेत. काकांनी मान हलवली. विषय तिथे संपला. माय, बहीण आणि मी, तिघांची नावं लागली.

नोंद मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत होतो. मधल्या सुट्टीत मोबाइलवर उतारा उघडला. लहानपणी पीककर्जाच्या वेळी, शाळेच्या अर्जांना, किती वेळा तो कागद हातात घेतला असेल, त्यावर कायम नानांचं नाव. आता तिथे आम्ही तिघं होतो. पुढचा तास मी वर्गावर गेलो नाही, सहकाऱ्याने घेतला.

मार्चमध्ये हरभरा निघाल्यावर खालच्या तुकड्यात पाणी पोचेना. सालदार म्हणाला, कॉकमध्ये काहीतरी अडकलंय. मी वही घेऊन गेलो. तो निंबापासून पावलं टाकत गेला, मी मोजली. खोदलं तर फरशी लागली, दीड हातावरच. त्या दिवसापासून मी स्वतःबद्दल विचार करायला लागलो. मला 51 वं चालू आहे. माझ्याकडेही अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या फक्त मला माहीत आहेत, विम्याचे कागद, पासवर्ड, कोणाला दिलेला शब्द. आणि वडिलांना साखर होती म्हणजे माझी तपासणी दरवर्षी व्हायला हवी. मी आणि बायकोने दोघांनी रक्त तपासलं, दोघांनी आपल्याला शेवटी काय हवं आणि काय नको हे लिहिलं, दोन साक्षीदार घेऊन नोटरीकडे सह्या केल्या. मुलगा अठराचा आहे. त्याला आम्ही तो कागद वाचायला दिला. त्याने वाचला आणि विचारलं, "आजोबांना भीती वाटली होती का?" मी सांगितलं की मी त्यांना हे विचारलं होतं. ते म्हणाले होते, रात्री थोडी वाटते, सकाळी वाटत नाही.

वैशाखात आखाजी आली. खान्देशात आखाजीला दोन गोष्टी एकदम होतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. कुंभाराकडून कोरी घागर आणली. मायने ती धुऊन पाण्याने काठोकाठ भरली, त्यात वाळा टाकला, तोंडावर डेरगं, म्हणजे लहान मडकं, ठेवलं, वर दोन आंबे आणि सांजोरी. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, भजी. माझ्या हाताने चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकली. पितर म्हणून जेवायला आम्ही त्या बांधाच्या शेजाऱ्याला बोलावलं. माझ्या मनात काकांचं नाव होतं, हे मायने सुचवलं. तो पांढरे कपडे घालून आला, पाटावर बसला, वाढलेलं सगळं खाल्लं. घागरीकडे बघून म्हणाला, त्याला फार तहान लागायची. मग हात धुवायला उठला.

आखाजीला सालदाराचं वर्षही संपतं. जुना हिशेब त्याच दिवशी मिटवायचा आणि नव्या सालाची बोली करायची. इतकी वर्षं हे नाना आणि सालदार ओट्यावर बसून करायचे, आम्ही कोणी जवळ नसायचो. जेवणं झाल्यावर सालदार आला. दाराशी उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, मायकडे बघितलं. हिशेब कोणासंगे करायचा हे त्याला कळेना. मी वही उघडली. मागच्या सालाचे राहिलेले पैसे मोजून दिले. नव्या सालाचा आकडा त्याने सांगितला, मी थोडा कमी सांगितला. तेवढ्यात आतून माय आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हिशेबाला आमच्यासोबत ओट्यावर बसली.

"त्याना आकडा बरोबर शे," ती म्हणाली. "आनी औंदा एक पोतं दादर जास्ती देऊत. त्यानी पोर बारावीले शे."

मी आकडा लिहिला, खाली एक पोतं दादर लिहिलं. बहिणीने वही ओढून घेतली, म्हणाली, माझं पण नाव आहे उताऱ्यावर, आणि मायच्या नावाखाली तिने सही केली. मग माझ्याकडे पेन दिलं.